तोंडलीच्या मांडवामागची खोप

"तथं मी बसाची," पिंजऱ्यातली बाई म्हणाली आणि मधुसूदनला इंग्रजी सुचेना.

शब्द अवघड नव्हता. ठाण्याच्या कचेरीत दुभाषी म्हणून बावीस वर्षं काढलेल्या माणसानं त्यासाठी थांबावं असं त्यात काही नव्हतं. पण तो थांबला. डोक्यावरचा झालरीचा पंखा भिंतीकडे गेला, परत आला. साहेबांनी टाक दौतीत बुडवून वर धरला होता आणि त्याच्या टोकाशी शाईचा थेंब लोंबत होता. तो पडेल, कागद खराब होईल, असं मधुसूदनच्या मनात आलं. मग त्याच्या तोंडून ते इंग्रजी वाक्य बाहेर पडलं, मी तिथं बसत असे, आणि साहेबांनी ते लिहून घेतलं. हे साहेब सिंधेतून बदलून आलेले. त्यांचं मराठी पुस्तकातलं, खाडीकाठचं बोलणं त्यांना कळत नसे. बसून काय करत होतीस, असं त्यांनी विचारलं. मधुसूदननं ते मराठीत केलं. बाईनं त्याच्याकडे पाहिलं. साहेबांकडे नाही, त्याच्याकडेच, जणू प्रश्न त्याचाच होता. "काय नाय," ती म्हणाली. "बसाची." यावर कचेरी हसली. दाराशी उभे असलेले पट्टेवाले हसले, आरोपीचे वकील उपरण्याआड हसले, आणि बाकावर बसलेला आरोपी काळुराम, जो या बाईचा थोरला दीर होता, तोही मान खाली घालून हसला. दुभाष्यानं हसायचं नसतं. एरवी मधुसूदनला हसू दाबावं लागे. त्या दिवशी दाबायला काही नव्हतं.

फिर्याद साधी होती. बाईचं नाव सखुबाई, राहणार कोपरी. नवरा राघो मिठागरावर जाणारा. घरात लहानमोठी चौदा माणसं. घरामागं, भाजीच्या वाफ्यांपलीकडे, बांधाच्या कोपऱ्यात तिनं स्वतःच्या हातानं कारवीचा कूड विणून, शेणामातीनं लिंपून, वर झावळ्या टाकून एक खोपटं उभं केलं होतं. दोन पावसाळे ते टिकलं. दसऱ्यानंतर एका सकाळी काळुरामनं ते पेटवून दिलं. पेटवलं हे तो नाकारत नव्हता. घरची बाई दिवसाढवळ्या एकटी जाऊन बसते, गावात चर्चा होते, म्हणून जाळलं, असं त्याचं म्हणणं. नवरा राघो भावाच्या बाजूनं बाकावर बसला होता. कायद्याचा प्रश्न एवढाच होता की ते खोपटं माणसाच्या राहण्याचं किंवा मालमत्ता ठेवण्याचं होतं का. असेल, तर खटला वरच्या कोर्टात जाणार आणि काळुरामला काही वर्षं आत काढावी लागणार. नसेल, तर इथंच किरकोळ दंड आणि सगळे जेवायच्या वेळेला घरी. म्हणून साहेब पुन्हा पुन्हा विचारत होते. तिथं निजत होतीस का? नाय. स्वैपाक करत होतीस? नाय. काही सामान ठेवत होतीस? एक माठ व्हता, फुटका. मग त्या खोपट्याचा उपयोग काय? आणि ती पुन्हा तेच म्हणाली. साहेबांची जिल्ह्याची फिरती निघायची होती. त्यांनी तारीख वीस दिवसांवर टाकली.

दुभाष्याचा नियम असा की साक्षीदार जे बोलेल ते त्याच्याच तोंडानं बोलायचं. ती म्हणते की मी मारलं, असं नाही. मी मारलं, असंच. सुरुवातीला मधुसूदनला याची गंमत वाटली होती. इंग्रजीतला तो एका अक्षराचा मी, सरळ उभ्या काठीसारखा. त्या काठीवर त्यानं बावीस वर्षं नाना प्रकारची माणसं टेकवली. मी नारळ चोरले. मी तिच्या डोक्यात कोयता घातला, कारण ती उत्तर देईना. मी त्या वेळी झोपलो होतो. मी माझ्या मुलाला ओळखतो, हा तो नव्हे. अशी वाक्यं बोलून तो संध्याकाळी घरी जाई, पाय धुई, पानावर बसे, आणि रंगूबाई, त्याची बायको, भात वाढताना विचारी की आज फार दमलात का. मी दमलो, असं म्हणायला तो तोंड उघडी, आणि कधी कधी त्याला खरंच समजत नसे की हे वाक्य कुणाचं आहे, आणि त्याला आता ते कोणत्या भाषेत फिरवायचं आहे.

त्या दिवशी कचेरीतून निघाल्यावर तो टेंभी नाक्यापर्यंत नेहमीसारखाच आला. तिथून घर हाकेच्या अंतरावर. ओटीवर त्याचे दोन भाचे मोठ्यानं धडे म्हणत असणार, माजघरात त्याची विधवा बहीण गंगुबाई त्याच्या दोन्ही सुनांना एकाच वेळी काहीतरी सांगत असणार, आणि तो उंबऱ्यात दिसला की सगळे आपापलं गाऱ्हाणं थांबवून त्याच्याकडे बघणार. गंगुबाईला धाकट्या सुनेचं म्हणणं समजावून द्यायचं, सुनेला गंगुबाईचं. त्याच्या घरात एकच भाषा बोलली जात होती, तरी तिथंही तो दुभाषीच होता. त्याचे पाय नाक्यावरून घराकडे न वळता मागच्या बोळाकडे वळले. बोळातून परसाचं फाटक होतं. ते उघडून तो केळींमधून आत आला. विहिरीजवळ तोंडलीचा मांडव होता, आणि त्याच्या मागं माळ्याच्या अवजारांची खोप. माळी धोंडीबा, त्याचा भाऊ वारला म्हणून, घाटावर आपल्या गावी गेला होता, त्याला चार महिने झाले. खोपीचं दार लोटलेलं होतं. मधुसूदन वाकून आत शिरला, दार ओढून घेतलं, आणि उलट्या घातलेल्या टोपलीवर बसला.

आपण का आलो ते त्याला कळलं नाही. पगडी काढून त्यानं गुडघ्यावर ठेवली. कुडाच्या फटींतून मार्गशीर्षातलं ऊन आत येत होतं, बारीक बारीक पट्ट्यांनी. एक पट्टी कुदळीच्या दांड्यावर होती, एक त्याच्या धोतरावर. कोपऱ्यात सुरणाचे गड्डे मातीसकट ठेवलेले होते. त्यांचा, जुन्या सुंभाचा आणि कुठल्या तरी सुकलेल्या पाल्याचा वास एकत्र येत होता. भिंतीला खुरपी खोचलेली होती, गंजलेली झारी खुंटीला होती, आणि आढ्याला बियाण्याचे दुधी टांगले होते, वाऱ्यानं हलले की आत बिया खुळखुळत. घर ऐकू येत होतं. गंगुबाईचा आवाज येत होता, पण शब्द येत नव्हते. कुडातून गाळून, मांडवातून गाळून नुसता चढउतार येत होता, दुसऱ्या कुणाच्या घरातला असावा तसा. तो ऐकत राहिला. त्या आवाजातून त्याला काहीही घडवायचं नव्हतं. तो आवाज उचलून कुणापुढं ठेवायचा नव्हता. त्याचे खांदे हळूहळू खाली आले. ते वर होते हे त्याला तेव्हा समजलं.

तिथं त्याला कल्याणचं घर आठवलं. खाडीच्या बाजूला, चुन्याच्या भट्ट्यांच्या वाटेवर त्याच्या वडिलांचं घर होतं. पडवीत भाताची एक मोठी कणगी होती, आणि एका वर्षी ती रिकामी पडली होती. तो तेव्हा सात वर्षांचा असावा. कशाला तरी रागावून तो कणगीत उतरला आणि तळाशी बसून राहिला. आत भाताच्या तुसाचा वास. वर आभाळासारखं वाटणारं एक गोल तोंड, त्यात पडवीची कौलं. थोड्या वेळानं घरानं त्याला शोधायला सुरुवात केली. मधू, मधू, अशा हाका येऊ लागल्या. आईची हाक विहिरीकडून, काकांची रस्त्यावरून, कुणाची तरी माळ्यावरून. त्यानं ओ दिली नाही. आपलं नाव असं बाहेरून, चहूबाजूंनी, पाखरासारखं घराभोवती फिरताना त्यानं पहिल्यांदाच ऐकलं. ते नाव त्याच्याकडे येत होतं आणि कणगीला आपटून परत जात होतं, आणि आत बसलेला जो होता त्याला नाव नव्हतं. त्याला भीती वाटली नाही. फार बरं वाटलं. पुढं काय झालं, कुणी काढलं, मार बसला का, हे त्याला आठवेना. तो खोपीत बसून ते आठवत होता, आणि फटींतल्या पट्ट्या कुदळीवरून सरकून भिंतीवर चढल्या होत्या.

तो दुसऱ्या दिवशीही गेला. तिसऱ्याही. कचेरी सुटली की बोळ, फाटक, केळी, खोप. तो तिथं काही करत नसे. एकदा त्यानं वाचायला पोथी नेली आणि ती न उघडता परत आणली. एकदा टोपली मोडली म्हणून विहिरीजवळचा जुना पाट आत नेला, तेवढाच बदल. एका रविवारी दुपारी पावसाळ्यात पडलेलं एक छिद्र छपरात दिसलं. त्यातून उन्हाचा एक रुपयाएवढा ठिपका जमिनीवर पडला होता आणि तो त्याच्या पायाच्या अंगठ्याकडे येत होता. तो अंगठ्यावर चढेपर्यंत मधुसूदन बघत राहिला, आणि चढला तेव्हा त्याला तो किंचित कोमट लागला, किंवा तसं वाटलं. कोपरीच्या बाजूनं आगगाडी शिटी देई, मग पुलावर तिचा आवाज बदले, पोकळ होई. कधी डोळे मिटले की बावीस वर्षांत बोललेली वाक्यं येत. पण ती आता नुसती जवळून जात, बाजारातून परतणाऱ्या माणसांसारखी, आपसांत बोलत. त्यांतलं कुणी आत डोकावत नसे. या सगळ्यात सखुबाईचं वाक्य मात्र जात नव्हतं. ते त्याच्या शेजारी येऊन टेकलेलं होतं. दोन पावसाळे ती अशीच टेकली असेल. चौदा माणसांच्या हाका बांधापर्यंत येऊन थांबत असतील. साहेबांनी विचारलं होतं, उपयोग काय, आणि आपण ते मराठीत केलं होतं, अगदी चोख, उपयोग काय.

घराला त्याचं उशिरा येणं जाणवलं. पाय धुवायचं पाणी रंगूबाई आता घटकाभर उशिरा काढू लागली. गंगुबाईनं मात्र चौकशी केली, पाळत ठेवली, आणि चार दिवसांत तिला कळलं. तिनं ते सगळ्यांदेखत सांगितलं, की दादा खोपीत जाऊन बसतो, अंधारात, एकटा, आणि हे काही चांगलं लक्षण नाही. ती जागा ओलसर आहे, तिथं जनावर असेल, धोंडीबानं काही पुरून ठेवलं असेल. ती खोप पाडून टाकावी आणि तिथं गोठा बांधावा, म्हणजे दूधही घरचं होईल. सहदेव नावाचा एक गडी कामाला मिळतो, त्याला उद्याच सांगते, असंही ती म्हणाली. मधुसूदन पानावर बसला होता. सगळे त्याच्याकडे बघत होते. खोप राहू द्या, एवढं म्हणायचं होतं. त्याला ते म्हणता आलं नाही. दुसऱ्या कुणाचं असतं तर त्यानं दोन भाषांत म्हटलं असतं. तेवढ्यात रंगूबाई आमटी वाढता वाढता म्हणाली की धोंडीबाची अवजारं आहेत, तो परत आल्यावर त्याला विचारून काय ते करू. तिनं वर पाहिलं नाही. विषय तिथं थांबला. मधुसूदनला वाटलं, तिनं हे माळ्यासाठी म्हटलं.

तारखेच्या आदल्या दिवशी खोपीत बसून त्यानं त्या एका शब्दाचा सगळ्या बाजूंनी विचार केला. साहेब पुन्हा विचारणार, त्या शब्दाचा नेमका अर्थ काय. या बोलीत त्याचा अर्थ राहणं असाही होतो, असं आपण सांगितलं तर कोण पडताळणार? खटला वर जाईल. काळुराम आत जाईल. आणि सखुबाई जिंकेल, पण तिनं न केलेल्या गोष्टीसाठी. ती तिथं राहत होती म्हणून. ती तिथं बसत होती, हे मात्र कायमचं पुसलं जाईल. नाहीतर खरा अर्थ सांगायचा, आणि मग कचेरी पुन्हा हसेल. त्याला दोन्ही नको होतं. फटीतून मुंग्यांची एक रांग आत येत होती आणि सुरणाच्या गड्ड्याला वळसा घालून दुसऱ्या फटीतून बाहेर जात होती. तो तिच्याकडे बघत बसला, आणि उठला तेव्हाही त्यानं काही ठरवलेलं नव्हतं.

कचेरीत त्या दिवशी गर्दी नव्हती. साहेब फिरतीवरून उन्हानं रापून आले होते आणि त्यांना घाई होती. सखुबाई पिंजऱ्यात चढली. तिनं लुगड्याचा पदर डोक्यावरून घट्ट घेतला होता आणि हात कठड्यावर ठेवले होते. हात मिठानं चिरलेले होते. साहेबांनी मागचा कागद वाचला, आणि मधुसूदनला वाटलं होतं तेच त्यांनी त्याला विचारलं. हा जो शब्द आहे, बसण्याचा, याला या लोकांच्या बोलीत दुसरा काही अर्थ आहे काय, म्हणजे वस्ती करणं वगैरे.

"नाही, साहेब," मधुसूदन इंग्रजीत म्हणाला. "दुसरा अर्थ नाही. बसणं म्हणजे बसणंच."

वकिलांनी मान डोलावली. साहेबांनी टाक उचलला. इथं दुभाष्याचं काम संपलं होतं. पण मधुसूदनचं तोंड मिटलं नाही. आपला आवाज पुढं चालला आहे हे त्यानं ऐकलं, आणि त्याला जरा नवल वाटलं, कारण पिंजऱ्यातल्या बाईचे ओठ मिटलेले होते.

"पण साहेब, घरात तिला चौदा माणसं हाका मारतात. तिथं कुणी मारत नसे. विचाराल तर ती राहत होती ती तिथंच. घरात ती कामाला होती."

साहेबांनी मान वर केली. हे ती म्हणाली का, असं त्यांनी विचारलं.

"नाही. हे मी म्हणतो."

"तुम्हाला हे कसं ठाऊक?"

"मीही बसतो, साहेब. माझ्या परसात अवजारांची खोप आहे. रोज कचेरी सुटली की मी तिथं जाऊन बसतो. काही करत नाही."

आता हसतील, असं त्याला वाटलं. इंग्रजी कळणारे तिथं चारच जण होते. वकील त्याच्याकडे बघत राहिले. शिरस्तेदारांनी, म्हणजे कचेरीच्या मुख्य कारकुनांनी, डोळे मिटून घेतले. पंखा जात येत होता. साहेबांनी टाक खाली ठेवला आणि ते खिडकीबाहेर पाहू लागले. बाहेर पिंपळ होता, त्याखाली साहेबांचा घोडा बांधलेला होता. त्यांच्या मुलखात, त्यांच्या लहानपणी, कुठल्या बागेच्या टोकाला कसली खोप होती की नव्हती, हे कुणाला कळणार. मग ते वळून कोरड्या आवाजात म्हणाले की दुभाष्याचं बोलणं कागदावर येऊ शकत नाही आणि हे गैरशिस्त आहे. खोपटं राहतं घर नव्हतं, तेव्हा खटला वर जाणार नाही. उरला किरकोळ गुन्हा. तो उभयतांना आपसांत मिटवायचा असेल तर कायद्याची हरकत नाही. बाईला विचारा, तिला काय पाहिजे.

मधुसूदननं विचारलं. सखुबाईला हे आधी कुणी विचारलं नसावं. तिनं कठडा सोडला, पुन्हा धरला. मग सरळ काळुरामकडे बघत ती म्हणाली, "ता खोपटा परत उभा करून दे. मानसा लावून नाय, तुज्या हातानं. आनि दार खाडीच्या अंगाला."

मधुसूदननं ते साहेबांना सांगितलं. मी मागते की यानं ते स्वतःच्या हातानं परत बांधावं, आणि दार खाडीकडे ठेवावं. या वेळी त्याला शब्द सापडायला क्षणही लागला नाही. काळुराम वकिलांच्या कानाशी लागला, राघोकडे बघितलं. राघोनं तोंड फिरवलं. मोठा खटला टळला होता. एवढ्याशा कुडासाठी पुन्हा कचेरीची पायरी चढायची काळुरामची तयारी नव्हती. त्यानं कबूल केलं, पंधरा दिवसांची मुदत घेतली आणि अंगठा उठवला. नंतर कोपरीच्या लोकांकडून कळलं, त्यानं ते खरंच बांधलं. कूड विणताना त्याला कारवी कशी वळवायची ते येईना, तेव्हा सखुबाईनं शेजारी उभं राहून दाखवलं, आणि दोघं त्या कामात असताना एकमेकांशी त्या जाळपोळीनंतर पहिल्यांदा बोलली.

कचेरीच्या पायऱ्यांवर ती त्याच्यासाठी थांबली होती. "तुमी सायबाला काय बोल्ले?" तिनं विचारलं. ती म्हणाली की आपण तर दोनच शब्द बोललो होतो, एवढं लांब कुठून आलं. मधुसूदन विचार करू लागला. ते त्यानं इंग्रजीत बोललेलं होतं, आणि मराठीत ते कसं म्हणायचं हे त्याला खरोखर सांगता येईना. तू म्हणालीस तेच, असं तो म्हणाला. तिनं त्याच्याकडे थोडं संशयानं पाहिलं, मग मान हलवली आणि ती रस्त्याला लागली. राघो तिच्यामागं चार पावलं ठेवून चालत होता.

दुसऱ्या दिवशी शिरस्तेदारांनी त्याला बोलावून घेतलं. ते त्याचे जुने स्नेही, त्यांना वाईट वाटत होतं. मुख्य दुभाष्याची जागा येत्या चैत्रात रिकामी व्हायची होती आणि ती मधुसूदनचीच असं सगळे धरून चालले होते. ती आता त्याला मिळणार नव्हती. शिवाय पुढचा हुकूम येईपर्यंत त्यानं नकलांच्या खोलीत बसायचं, जुने कागद पुन्हा लिहून काढायचे. मधुसूदनला आपण दुःखी होऊ असं वाटलं होतं. नकलांची खोली उत्तरेकडे होती, थंड. तिथं दिवसभर कुणी बोलत नसे. त्यानं पहिला कागद ओढला.

ठाणं लहान गाव. साहेबांपुढं मधुसूदनराव काय बोलले ते तारखेच्याच दिवशी संध्याकाळच्या आत घरी पोचलं होतं. गंगुबाई रडली. आपल्या घरातली गोष्ट कोर्टात सांगितली, मिठागरावरच्या बायकांच्या पंक्तीला आपल्याला बसवलं, नाक्यावर तोंड दाखवायला जागा ठेवली नाही. सुना चुलीपाशी भाकऱ्या थापत होत्या. मधुसूदन ऐकत होता. त्यानं कुणाला काही समजावलं नाही. रंगूबाई तुळशीपाशी उभी होती, तिच्या चेहऱ्यावर उजेड नव्हता म्हणून तिला काय वाटलं ते दिसलं नाही.

रविवारी कचेरी बंद. दुपारची जेवणं झाली, घर आडवं झालं. मधुसूदन विहिरीपाशी अळवाला पाणी घालत होता. हे काम त्यानं धोंडीबा येईपर्यंत स्वतःकडे घेतलं होतं. रंगूबाई मागच्या दारानं आली. हातात खरकटं नव्हतं, धुणं नव्हतं, सूप नव्हतं. तिला असं रिकाम्या हातांनी परसात आलेलं त्यानं कधी पाहिलं होतं ते त्याला आठवेना. ती मांडवापाशी थांबली. तोंडलीचं एक सुकलेलं पान तिनं खुडलं आणि म्हणाली, "आत काय असतं?"

"काही नाही."

मग तिनं विचारलं, "मी बसले तर चालेल?"

तो बाजूला झाला. बरोबर जावं, पाट दाखवावा, सुरणाचे गड्डे पायात येतील ते सांगावं, असं त्याच्या मनात आलं. त्यानं तसं केलं नाही. ती वाकून आत गेली. दार तिनं आतून ओढून घेतलं, अर्धवट, मग पुरतं.

मधुसूदन विहिरीच्या काठावर बसला. ऊन केळींवर होतं. आत कुणी बसलेलं असताना खोप बाहेरून कशी दिसते हे तो पहिल्यांदा बघत होता. चार पावलांची जागा. कूड काही ठिकाणी पोखरलेला, कौलांवर तोंडलीचे वेल चढलेले. आतून काहीच आवाज नव्हता. आठव्या वर्षी ही बाई डोंबिवलीहून बैलगाडीतून आपल्या घरी आली. तेव्हापासून, कल्याणला काय नि इथं काय, असा कोणता कोपरा होता जिथं ती उभी असताना कुणाला तरी काहीतरी हवं नव्हतं, हे तो आठवून पाहू लागला. माजघर, स्वैपाकघर, देवघर, बाळंतिणीची खोली, विहीर. प्रत्येक ठिकाणी तिच्यामागं कुणीतरी उभं होतं. कित्येकदा तो स्वतःच. बत्तीस वर्षांत तिनं आपल्याला काय काय सांगितलं असेल, आणि त्यातलं किती आपण नुसतं पुढं पोचवलं असेल, आईकडे, बहिणीकडे, मुलांकडे. 

उन्हं कलली. घर उठू लागलं. माजघरातून गंगुबाईनं वहिनी म्हणून हाक मारली. मग दुसऱ्यांदा, मोठ्यानं. धाकटी सून मागच्या दारात येऊन बघून गेली. शेवटी गंगुबाई स्वतःच आली आणि त्याला पाहून म्हणाली की वहिनी कुठं दिसत नाहीत, पाहुणे यायचेत, दूध कुठं ठेवलंय, किल्ल्या त्यांच्या कमरेला.

"मला ठाऊक नाही," मधुसूदन म्हणाला.

गंगुबाईनं तोंडलीच्या मांडवाकडे पाहिलं. मग त्याच्याकडे पाहिलं. तो विहिरीच्या काठावरून उठला नव्हता, पण त्याच्या चेहऱ्यात असं काहीतरी होतं की ती पुढं आली नाही. तिनं पदर सारखा केला, आणि पाहुण्यांसाठी गूळपाणीच काढते असं पुटपुटत आत गेली.

खोपीचं दार उघडलं तेव्हा परसात सावल्या लांब झाल्या होत्या. रंगूबाई वाकून बाहेर आली, सरळ झाली. तिच्या खांद्यावर जाळ्याचा धागा होता. ती विहिरीपर्यंत चालत आली आणि त्याच्यापासून हातभर अंतरावर थांबली. तिचा चेहरा झोपेतून उठल्यासारखा होता, पण ती झोपली नव्हती.

"माझी आई गेली तेव्हा मी तुमच्याकडे होते," ती म्हणाली. "नऊ वर्षांची. मला नेलं नाही. नंतर तिचं तोंडच आठवेना. कितीदा आठवायला बसले, पण बसायला कुठं मिळतंय. आज आलं. इथं, हनुवटीखाली, तिला भाजल्याचा डाग होता. ती हसली की तो वर जायचा."

तिनं आपल्या हनुवटीखाली बोट ठेवून दाखवलं. बोट थोडं वर नेलं. मधुसूदननं पाहिलं. ती किल्ल्यांचा जुडगा कमरेला चाचपून घराकडे गेली. आत गंगुबाई काहीतरी म्हणाली. त्यावर रंगूबाईनं दोन शब्दांत उत्तर दिलं. ते काय होतं हे त्याला कळलं नाही, आणि कळावं म्हणून त्यानं कानही दिला नाही. अळवाला पाणी घालायचं अर्धं राहिलं होतं. त्यानं पोहरा विहिरीत सोडला.